‘फमिलिअर’ म्हणजे नेमकी किती ओळख?

या लेखातली दोन्ही माणसं काल्पनिक आहेत. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. वकील त्यांचे जुने विद्यार्थी, आता जिल्हा न्यायालयात दिवाणी-फौजदारी जे येईल ते चालवणारे. वाद मात्र काल्पनिक नाही. ज्याला पोटासाठी इंग्रजी लिहावं लागतं अशा मराठी माणसाच्या टेबलावर तो कधी ना कधी येतोच. निमित्त होतं एका शपथपत्राच्या मसुद्याचं. वकिलांच्या ज्युनिअरने त्यात एक वाक्य टाइप केलं होतं, ‘द सेड हँडरायटिंग इज फॅमिलिअर विथ मी.’ बाईंनी पेन्सिल उचलली.

बाई : हस्ताक्षर तुझ्या ज्युनिअरला ओळखतं का रे?

वकील : कोर्टाला कळतं, बाई. बोर्डावर एवढी मॅटर असताना साहेब ‘विथ’ आणि ‘टू’ बघत बसत नाहीत.

बाई : साहेबांनी नाही बघितलं तर समोरचा वकील बघेल. ओळखणारा वाक्यात आधी आला की ‘विथ’, ओळखीची गोष्ट आधी आली की ‘टू’. मी नियमांशी परिचित, नियम मला परिचित. आपल्याकडे ‘शी’ आणि ‘ला’ यांत जो फरक, तोच तिकडे. आणि कागदावर दिसत नाही म्हणून तोंडी सांगते, तो ‘फॅ’ नव्हे. ‘फॅमिली’त जोर पहिल्या अक्षरावर पडतो म्हणून तिथे ‘फॅ’. विशेषण झालं की जोर ‘मि’वर सरकतो आणि मागे नुसता ‘फ’ उरतो.

वकील : उभा महाराष्ट्र ‘फॅमिलिअर’ म्हणतो.

बाई : म्हणू दे की. तू माझ्यासमोर म्हणू नकोस.

(पुढे सगळीकडे मी बाईंचाच उच्चार छापतो आहे. वकिलांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फॅ’च होता.)

वकील : ‘विथ’ की ‘टू’ हा माझा प्रश्नच नाही, बाई. मला तो शब्दच नको आहे. पिंजऱ्यात साक्षीदार उभा असतो, मी त्याला विचारतो, माहीत आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही. तिसरं काही नसतं. हा फमिलिअर म्हणजे मधल्या बोळात लपायची जागा. नोकरीच्या अर्जात पोरं लिहितात, ‘फमिलिअर विथ टॅली’. म्हणजे काय? शेजारच्या खुर्चीवरचा माणूस टॅली चालवत होता आणि याने ते बघितलं होतं. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत. तरी चालतं, कारण उद्या कुणी ‘येत नाही की तुला’ म्हणालं तर म्हणता येतं, मी कुठे येतं म्हणालो होतो?

बाई : मग त्या पोराने खरंच लिहिलं ना! ‘आय नो टॅली’ लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. काहीच नाही लिहिलं असतं तर तेही खोटंच, कारण अजिबात काही माहीत नसलेल्यापेक्षा त्याला चार गोष्टी जास्त माहीत आहेत. या दोन खोट्यांच्या मधे एक खरी जागा आहे, तिचं नाव फमिलिअर. तू तिला बोळ म्हणतोस. मी म्हणते, माणसाचं निम्म्याहून जास्त ज्ञान त्याच जागेत राहतं. गावातली किती माणसं तू ‘ओळखतोस’ आणि किती नुसती ओळखीची आहेत, मोजून बघ.

वकील : जगण्यात चालेल. कागदावर चालत नाही. आमच्या शपथपत्राचं पहिलं वाक्य तुम्हाला पाठ असेल. ‘आय ॲम फुली कॉन्व्हर्संट विथ द फॅक्ट्स अँड सर्कमस्टन्सेस ऑफ द केस.’ सही करणारा कंपनीचा अधिकारी मागच्या महिन्यात बदलून आलेला असतो. फाइल त्याने उघडलेली नसते, आम्ही सांगतो तिथे सही करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 19, नियम 3 स्पष्ट आहे. शपथपत्रात तेवढंच लिहावं जे शपथ घेणारा स्वतःच्या माहितीवर सिद्ध करू शकतो. समजुतीवरची विधानं फक्त अंतरिम अर्जात चालतात, तीही समजुतीचा आधार सांगून. आणि आमच्याकडे पहिल्या पानावरच ‘फुली कॉन्व्हर्संट’! तुमचा फमिलिअर निदान लाजतो तरी. हा त्याचा थोरला भाऊ तेवढाही लाजत नाही.

बाई : त्या थोरल्याला उगाच झोडू नकोस. ‘कॉन्व्हर्संट’चं मूळ बोलण्यात नाही, सोबत राहण्यात आहे. ज्याच्यात ऊठबस आहे, ज्याच्यात वावर आहे, तो कॉन्व्हर्संट. तुझ्या वाक्यात खोटं बोलतं ते ‘फुली’. वावर कधी पूर्ण नसतो. तेवढा एक शब्द काढला तर वाक्य पुष्कळ सुधारेल.

वकील : ‘फुली’ काढलं तर साहेब विचारतील, अर्धवट माहिती असलेला माणूस कशाला पाठवला?

बाई : विचारू देत. तो प्रश्न योग्यच आहे.

इथे वकील हसले, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही. कायद्याने हे विशेषण मुद्दाम टाळलं आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी जे कलम काढलं ते खरोखर वाचण्यासारखं आहे.

वकील : 1872 चा पुरावा कायदा, कलम 47. अमुक कागद अमक्याच्या हातचा आहे का, यावर त्या हस्ताक्षराशी परिचित असलेल्या माणसाचं मत ग्राह्य धरता येतं. तिथला शब्द ‘अक्वेंटेड’ आहे, फमिलिअर नाही. आणि तोही सैल सोडलेला नाही, खाली स्पष्टीकरण आहे. परिचित कुणाला म्हणायचं? एक, ज्याने त्या माणसाला लिहिताना पाहिलं आहे. दोन, ज्याने त्याला पत्रं लिहिली आणि उत्तरादाखल त्याच्या हातची म्हणून आलेली पत्रं ज्याला मिळाली. तीन, रोजच्या कामकाजात ज्याच्यासमोर त्याच्या हातचे म्हणून कागद नेहमी येत राहिले. यांपैकी एक तरी हवं. नुसतं ‘मला ओळखीचं वाटतं’ याला किंमत शून्य.

बाई : आणि त्याखालचं उदाहरण? तू लॉ कॉलेजात असताना मला येऊन सांगितलं होतंस.

वकील : लंडनचा व्यापारी ‘अ’. त्याच्या पत्राचा वाद. ‘ब’ हा कलकत्त्याचा व्यापारी, त्याचा ‘अ’शी पत्रव्यवहार. ‘क’ हा ‘ब’चा कारकून, आलेली पत्रं तपासून फाइलला लावणं हे त्याचं काम. ‘ड’ हा ‘ब’चा दलाल, सल्ल्यासाठी ‘ब’ त्याला ती पत्रं नेहमी दाखवायचा. तिघांचंही मत ग्राह्य, जरी तिघांपैकी एकानेही ‘अ’ला कधी लिहिताना पाहिलेलं नसलं तरी.

बाई : बघ म्हणजे! तो कारकून. हजारो मैलांवर बसलेला, ‘अ’चं तोंड न पाहिलेला. त्याचा ‘अ’शी संबंध एवढाच की बोटीच्या डाकेने पाकीट आलं की फोडायचं, वाचायचं, फाइलला लावायचं. पण दोन वर्षं हे केल्यावर त्याला ‘जी’चं शेपूट कुठे वळतं ते कळतं. सही घाईत केली की निवांत, तेही कळत असेल. ‘अ’ माणूस म्हणून कसा आहे, सचोटीचा की लबाड, याबद्दल तो अक्षर बोलू शकत नाही. तुझं कलम त्याला तेवढंच विचारतं जेवढं त्याला माहीत आहे. मी इतका वेळ दुसरं काय सांगते आहे? फमिलिअर या शब्दात ‘किती माहीत’ हे नसतंच. ‘किती वेळा समोर आलं’ एवढंच असतं.

वकील : म्हणूनच कायद्याला स्पष्टीकरण जोडावं लागलं ना! शब्द पुरेसा असता तर तीन कलमी खुलासा कशाला?

बाई : कबूल. शब्द एकटा पाठवायचा नाही. त्याच्यासोबत काय केलं, कुठे केलं आणि कधीपासून, हे पाठवायचं.

(जुना कायदा आता गेला. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. हस्ताक्षराची ही तरतूद मात्र त्यातही आहे.)

यानंतर वकिलांनी जो हल्ला केला, त्यात मी त्यांच्या बाजूचा आहे.

वकील : तुमचा कारकून सोयीचा आहे, बाई. माझा साक्षीदार घ्या. रात्रीची वेळ, मारामारी, अंधारात पळालेला एक जण. साक्षीदार पोलिसांना म्हणतो, चेहरा ओळखीचा वाटला, नाव माहीत नाही. पुढे ओळख परेड होते. कार्यकारी दंडाधिकारी, दोन पंच, एका आरोपीसोबत निदान अर्धा डझन डमी, सारख्या वयाचे, सारख्या अंगकाठीचे. साक्षीदार आत येतो आणि बरोबर आरोपीच्या खांद्यावर हात ठेवतो. झालं? नाही. उलटतपासात कळतं की चार दिवस आधी ठाण्यात त्याला आरोपी दिसला होता, किंवा फोटो दाखवला होता. मग परेडची किंमत काय? चेहरा ओळखीचा होता हे शंभर टक्के खरं, पण ओळख ठाण्यातली होती की त्या रात्रीची? साक्षीदाराला स्वतःलाही ते सांगता येत नाही. तो खोटं बोलत नसतो. तेच तर भयंकर आहे.

बाई : हे मानसशास्त्रात तपासलेलं आहे. 1980 मध्ये जॉर्ज मॅंडलर यांनी एक उदाहरण दिलं, ते पुढे फार गाजलं. बसमध्ये एक माणूस दिसतो. याला कुठेतरी पाहिलंय याची तुम्हाला बालंबाल खात्री असते. कुठे, ते आठवत नाही. डोकं खाजवून शेवटी लक्षात येतं, अरे, हा तर आपला खाटीक! दुकानात, त्या ॲप्रनमध्ये, तो क्षणात ओळखू आला असता. म्हणजे ‘पाहिलंय’ ही जाणीव आणि ‘कुठे पाहिलंय’ ही आठवण या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली झटकन येते, दुसरी शोधावी लागते. बँकेतला कॅशिअर मंडईत भेटला की आपलं हेच होतं.

वकील : आणि लग्नात! कुणीतरी काकू समोर येतात, ‘ओळखलंस का मला?’ आपण म्हणतो, ‘म्हणजे काय, ओळखलं की!’

बाई : हो, आणि मग आईकडे बघत राहायचं, ती नाव घेईपर्यंत.

वकील : लग्नात फसलं तर काकू रागावतात, कोर्टात फसलं तर माणूस आत जातो. आणि हे फक्त चेहऱ्यांचं नाही. तेच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. यावर अमेरिकेत 1977 पासून प्रयोग झालेत, लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपासून. लोकांना काही विधानं ऐकवली, काही खरी, काही खोटी, काही आठवड्यांनी त्यांतलीच काही परत ऐकवली. परत आलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटली. नव्याने काही कळलं होतं? काही नाही. फक्त कान सरावले. 1989 मध्ये लॅरी जॅकोबी यांनी साध्यासुध्या, कुणाही प्रसिद्ध माणसाच्या नसलेल्या नावांची यादी लोकांना वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी तीच नावं खऱ्या प्रसिद्ध नावांत मिसळून विचारलं, यांतले प्रसिद्ध कोण? यादीतली साधी नावंही लोकांनी प्रसिद्ध म्हणून निवडली. एका रात्रीत कीर्ती! निवडणुकीच्या आधी भिंती का रंगवतात, ते मला यातून कळलं. उमेदवाराने काय केलं ते कुणी वाचत नाही. नाव फमिलिअर झालं की बास.

बाई : तुझा राग बरोबर आहे, पण तू चुकीच्या माणसावर समन्स काढतो आहेस. गुन्हा जाणिवेचा आहे, शब्दाचा नाही. उलट ती जाणीव पकडायला इंग्रजीत याच्याइतका प्रामाणिक शब्द नाही. मघाचा ‘टू’ आठव. ‘ही वॉज फमिलिअर टू मी.’ यात साक्षीदार त्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. तो स्वतःबद्दल सांगतो, माझ्या मनात अशी जाणीव उठली. आणि ‘आय ॲम फमिलिअर विथ हिम’ म्हटलं की तो दावा झाला. आमची ऊठबस आहे, माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे. तुझ्या ज्युनिअरने जी गफलत केली ती व्याकरणाची वाटते, पण त्यातून साक्षच बदलते.

वकील : आता तुम्ही माझ्या कामाचं बोललात. साक्ष मराठीत होते. बऱ्याचदा इंग्रजी नोंद साहेब सांगतात आणि लघुलेखक घेतो. साक्षीदार म्हणतो, ‘आरोपीशी माझी तोंडओळख होती.’ नोंदीत येतं, ‘आय न्यू द अक्यूज्ड.’ संपलं! वरच्या कोर्टात अपील जातं तेव्हा तिथे फक्त ‘न्यू’ पोहोचतं. मग आमची मजा सुरू. आरोपीचा वकील विचारतो, ओळखत होतात तर फिर्यादीत नाव का नाही? साक्षीदार म्हणतो, नाव माहीत नव्हतं. मग म्हणे, नाव माहीत नव्हतं तर ओळख परेड का नाही घेतली? कारण कायदा असा आहे की ओळखीच्या माणसासाठी परेड लागत नाही, अनोळखी माणसासाठी लागते. तोंडओळखवाला बिचारा दोन्ही बाजूंनी मार खातो. तो ओळखीचाही नाही आणि अनोळखीही नाही. आणि गावाकडची निम्मी साक्ष याच माणसांची असते. एसटी स्टँडवर रोज दिसणारा, बाजारच्या दिवशी कांद्याच्या गाडीवर बसणारा.

बाई : तर मग? मघाशी म्हणालास तिसरं काही नसतं. हा तिसरा कुठून आला?

वकील जरा थांबले. नंतर म्हणाले, ‘आहे तिसरा. पण त्याला कोर्टात जागा नाही, एवढंच म्हणतो.’ माझ्या मते बाईंनी इथे जिंकायला हवं होतं. पण त्यांनी सौजन्य दाखवून विषय पुढे जाऊ दिला, आणि वकिलांनी लगेच दुसरी बाजू उघडली.

वकील : बरं, ते राहू द्या. या शब्दाची दुसरी चाल बघा. ‘डोंट बी सो फमिलिअर’ म्हणजे सलगी करू नकोस, पायरी सोडू नकोस. ओळखीचा असणं गुण, आणि तेवढंच थोडं पुढे गेलं की आगाऊपणा. एकाच शब्दात शाबासकीही आणि चपराकही. असला शब्द कशाला जवळ ठेवायचा?

बाई : त्याचं कारण त्याच्या जन्मात आहे. लॅटिनमधली ‘फामिलिया’ म्हणजे आपलं कुटुंब नव्हे. घरधन्याच्या सत्तेखालचं सगळं खटलं, आणि त्यात गुलाम आधी. ‘फामुलुस’ म्हणजे नोकर, गुलाम, त्यावरून ‘फामिलिया’. तेव्हा ‘फामिलिआरिस’ म्हणजे त्या खटल्यातला, घरच्यातला. गंमत बघ, घर सगळ्यांत जास्त ओळखीचं कुणाला असतं? नोकराला. कुठल्या फळीखाली काय आहे, धनी कुठल्या औषधाने झोपतो, कुणाचं पत्र आलं की मालकीण खोलीचं दार लावून घेते, सगळं त्याला ठाऊक. पण ओळख दाखवायचा हक्क त्याला नाही. धनी त्याच्याशी फमिलिअर वागू शकतो, तो धन्याशी नाही. तुझी शाबासकी आणि चपराक इथून आली. पायरी वरून खाली उतरली तर मायाळूपणा, खालून वर चढली तर सलगी.

वकील : आपल्याकडे ‘अतिपरिचयाने अवज्ञा’ म्हणतातच की.

बाई : ती म्हण कुणीतरी काढणार हे मला माहीत होतं. तिच्यात अवज्ञा कोण कुणाची करतो ते सांगितलेलं नाही, म्हणून ती सगळ्यांना आवडते. त्यापेक्षा आपलं ‘तू’ बघ. तू मला तुम्ही म्हणतोस, मी तुला तू म्हणते. तू पन्नाशीचा झालास, केस माझ्यापेक्षा जास्त पांढरे, तरी हे बदललं नाही. इंग्रजी व्याकरणवाले या ‘तू’ला फमिलिअर रूप म्हणतात. त्यांच्याकडेही होतं, ‘दाऊ’. ते त्यांनी हळूहळू घालवलं. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक मात्र देवापुढे सगळे सारखे म्हणून हट्टाने सगळ्यांना ‘दाऊ’च म्हणायचे. मॅजिस्ट्रेटलासुद्धा. डोक्यावरची टोपी न काढता.

वकील : न्यायाधीशाला अरे-तुरे! मग?

बाई : मग काय, मार आणि तुरुंग. त्यांचा अग्रणी जॉर्ज फॉक्स याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

वकील : या शब्दाची संगतच वाईट. इंग्लंडात चेटकिणींवर खटले चालले, तेव्हा चेटकिणीच्या पाळीव भुतालाही ‘फमिलिअर’च म्हणायचे ना? तुम्हीच आम्हाला मॅकबेथ शिकवताना सांगितलं होतं.

बाई : हो. मांजर, बेडूक, कुत्रं, काहीही. 1645 मध्ये एसेक्समध्ये मॅथ्यू हॉपकिन्स नावाच्या माणसाने चेटकिणी शोधायचा धंदाच मांडला. 1647 मध्ये त्याने पुस्तिका छापली, तिच्या पहिल्या चित्रात त्या फमिलिअर्सची नावं लिहिलेली आहेत. व्हिनेगर टॉम, पायवॅकेट, जारमारा. गरीब म्हातारी, घरात एकटी, सोबतीला मांजर. त्या मांजरावर पुरावा उभा केला. वकील म्हणून तुला हे जास्त लागेल.

वकील : मला त्याहून जवळचं लागतं, गोव्याचं. इन्क्विझिशनच्या त्या माणसांना काय म्हणत?

बाई : ‘फामिलियार’. 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडली तर अडीचशे वर्षं गोव्यात ते धर्मन्यायालय होतं. फामिलियार हे त्याचे बिनपाद्री सेवक. आरोपीला पकडून आणायचं, पहारा द्यायचा, मिरवणुकीत सोबत चालायचं. धर्मन्यायालयाच्या ‘घरातले’ म्हणून हे नाव. आणि हा मान होता, बरं का. त्यासाठी आपलं कूळ शुद्ध ख्रिस्ती आहे, त्यात ज्यू किंवा मूर रक्त नाही, याची चौकशी व्हायची. अ. का. प्रियोळकरांचं 1961 चं पुस्तक आहे या सगळ्यावर. ज्याच्या दारात फामिलियार आला त्याला तो ओळखीचाच असणार. गावातलाच माणूस की तो. घरच्यातला म्हणजे कुणाच्या घरातला, हा प्रश्न तिथे जिवावर बेतायचा.

वकील : आणि तुम्ही या शब्दाची वकिली करता!

बाई : करते. कारण याच शब्दाने विल्यम हॅझलिटने गद्य सुधारलं. ‘टेबल टॉक’मध्ये (1821-22) त्याचा निबंध आहे, ‘ऑन फमिलिअर स्टाइल’. म्हणणं असं की घरगुती शैलीत लिहिणं सगळ्यांत अवघड. भारदस्त शब्दांचा फौजफाटा मिळत नाही, गावंढळपणाही चालत नाही, नेमका तोच शब्द शोधावा लागतो. त्याच कुळातला निबंध 1930 च्या दशकात आपल्याकडे फडके, खांडेकर, काणेकरांनी रुजवला. फडक्यांनी त्याला ‘गुजगोष्ट’ म्हटलं. त्यातल्या काहींत घरगुतीपणा कमी आणि आरशात बघणं जास्त होतं, पण तो वेगळा विषय.

वकील : शैलीचं मला कळत नाही. मला सांगा, एखाद्या जबाबदार संस्थेने हा शब्द मोजमापात वापरलाय? हातात धरता येईल असा?

बाई : वापरलाय. तुझी मुलगी पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकते ना? तिचे ए-वन, बी-वन हे टप्पे ‘कौन्सिल ऑफ युरोप’च्या 2001 च्या भाषा चौकटीतले. त्या चौकटीतलं एकेका टप्प्याचं वर्णन वाच. ए-वनला ‘फमिलिअर’ आहे, रोजच्या ओळखीच्या शब्दप्रयोगांपुरतं. बी-वनला आहे, कामावर, शाळेत, फावल्या वेळात नेहमी भेटणाऱ्या ओळखीच्या विषयांपुरतं. आणि सी-टूला? तिथे हा शब्द नाही. तिथे जे काही ऐकलं-वाचलं ते जवळजवळ सगळं सहज समजायला हवं, मग विषय ओळखीचा असो की नसो. म्हणजे हा खालच्या पायऱ्यांचा शब्द आहे. आपल्या बोर्डाच्या पेपरातला ‘अनसीन पॅसेज’ तुला आठवत असेल. ओळखीचा उतारा सगळेच सोडवायचे, परीक्षा खरी अनसीनला.

वकील : मग मी तेच म्हणतोय! खालच्या पायरीचा शब्द वरच्या पायरीच्या कागदात कशाला?

बाई : खालच्या पायरीवर उभा असलेला माणूस साक्ष द्यायला आला तर त्याने काय लिहायचं?

यावर दोघांचं एकमत झालं नाही. वकिलांना हा शब्द कोर्टाच्या कागदातून हद्दपार हवा. बाईंना तो हवा, पण पुढे-मागे आधार घेऊन. मला विचाराल तर अर्जात, पत्रात, रोजच्या बोलण्यात बाईंचं खरं आहे. शपथेवर लिहिताना वकिलांचं. कारण शपथपत्र वाचणारा त्यातल्या प्रामाणिक संकोचाची दखल घेत नाही. तो ‘फमिलिअर’ वाचतो आणि ‘माहीत आहे’ धरून पुढे जातो.

मसुदा मात्र दोघांनी मिळून दुरुस्त केला. ज्युनिअरचं वाक्य गेलं. त्या जागी मराठीत सांगायचं तर असं काहीसं आलं, की मी या दुकानात 2015 पासून हिशेब बघतो, मालकांच्या हातच्या चिठ्ठ्या रोज माझ्याकडे येत, त्यावरून मी माल काढत असे, आणि वादातल्या कागदावरचं अक्षर त्या चिठ्ठ्यांतल्यासारखंच आहे. ना फमिलिअर, ना अक्वेंटेड. कलकत्त्याच्या त्या कारकुनाने जे सांगितलं असतं तेच, आणि कलमाला हवं तेवढं सगळं. वाक्य चौपट लांब झालं, पण उलटतपासात त्याला हात घालायला जागा उरली नाही. वकिलांनी ते मुकाट्याने ज्युनिअरच्या फाइलला लावलं. पहिल्या पानावरचं ‘फुली कॉन्व्हर्संट’ मात्र त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाले, ते नसलं तर अर्ज फाइलिंगलाच अडकायचा.

तुमच्यासमोर कधी इंग्रजी शपथपत्र सहीला आलं, तर सही करण्याआधी पहिल्या पानावर तो ‘फुली’ शोधा. आणि वकिलांना तो खोडायला सांगा.